भीमराजकाकांची दाढ

प्रिय गंधाली,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळं ठीक आहे. तुझा केतन संध्याकाळी ऑफिसातून परतताना डबा न्यायला येईल, त्याच्या हाती देते. फोनवर तू 'हो आई, बरी आहे आई' यापुढे जात नाहीस. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई. माणसांचे आवाज ऐकण्यातच माझा जन्म गेला. तुझं 'बरी आहे' मला कळतं. शिवाय फोन मधेच ठेवता येतो. पत्रही बाजूला ठेवता येतं म्हणा, पण ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील, आणि तू माझी मुलगी आहेस, शेवटी वाचशीलच.

इकडची खबर थोडक्यात. सोसायटीची टाकी एकदाची धुऊन झाली. बाबांची गॅलरीतली अबोली मी मरू दिलेली नाही. मला फुलांचं कौतुक नाही, पण पाणी घालते. भीमराज रोज सकाळी फिरायला जाताना खालून हाक मारतात. पूर्वी बाबांना 'श्याम, उतर रे' असायचं, आता 'वहिनी, दूध आणू का?' असतं. मी नको म्हणते, तरी आणतात. माणूस अर्धा झालाय. मुलुंडला आपण राहायला आलो तेव्हापासूनची ती दोघांची दोस्ती; एकट्यानं बागेला फेरी मारायची त्यांना सवय नाही.

नीलमचाही फोन आला होता. क्लिनिकचं शटर दिवाळीच्या आधीपासून खाली आहे, पेशंट तिच्या मोबाइलवर फोन करतात, 'मी काय सांगू काकू?' असं विचारत होती. मी म्हटलं, 'मॅडमना विचारून सांगते.' तर विचारते आहे. पण त्याआधी जे आपण दोघी बोललो नाही ते बोलायला हवं.

तुझं बोरिवलीचं क्लिनिक म्हणजे बाबांचा देव्हारा होता. पाटीवरची अक्षरं रंगाऱ्याकडून दोनदा पुसून घेतली त्यांनी. शनिवारी लिंक रोडची बस पकडून यायचे, बाहेरच्या बाकावर पेपर घेऊन बसायचे आणि घाबरलेल्या पेशंटला सांगायचे, 'अहो, भिता काय, पोरीचा हात कापसासारखा आहे.' एका आजोबांनी विचारलं, 'तुम्हाला कसं माहीत, तुमचे दात केलेत का तिनं?' तर हे पेपरात तोंड घालून बसले. तू हसत मला सांगितलं होतंस. खुर्चीवर मात्र एकदाही बसले नाहीत. तू मागे लागायचीस, 'बाबा, नुसतं बघू तर द्या,' आणि ते म्हणायचे, 'लेकीनं बापाच्या उष्ट्या तोंडात हात घालायचा नसतो.' आपण दोघी हसायचो. मला वाटायचं, भितात सुईला, आणि सोंग आणतात रिवाजाचं.

ते सोंग नव्हतं. तुझ्या आजीच्या घरात लेकीनं वडिलांचं उष्टं ताट उचलायचं नाही, हे फार कडक होतं. तुला आठवतंय का, तू लहान असताना एकदा हौसेनं त्यांचं ताट उचललंस तर त्यांनी धावत येऊन तुझ्या हातातून घेतलं, आणि तुझे हात धुऊन दिले? त्या घरात मुलींना शिकवलं नाही फारसं, पण लेकीचा मान म्हणून ताट उचलू दिलं नाही. बाबांनी तुला शिकवलं, हवं ते करू दिलं, तेवढी एक गोष्ट मात्र मागची धरून ठेवली. आणि दुसऱ्या डेंटिस्टकडे जावं तर, 'पोटची पोर डेंटिस्ट असून हा परक्याकडे जातो, म्हणजे तिला येत नसणार,' असं लोक म्हणतील, ही धास्ती. तुझ्याकडे यायचं नाही आणि तुझा अपमान होईल म्हणून दुसरीकडेही जायचं नाही. हुशार माणूस असा स्वतःच स्वतःला दोन्हीकडून कोंडून घेतो.

आता त्या रविवारचं. बाबांनी तुला फोन केला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. 'अगं, भीमराजची खालची दाढ सुजलीय, काय करावं त्यानं?' तू सगळं विचारलंस, फोन स्पीकरवर होता. ताप आहे का? गिळताना त्रास होतो का? सूज गालापुरती आहे की जबड्याखाली, गळ्याकडे उतरलीय? आणि म्हणालीस, 'काकांना तोंडात तीन बोटं उभी घालून बघायला सांगा. मावत नसतील तर तोंड आखडतंय. त्यांना म्हणावं शेक घेऊ नका, जुन्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. यातलं काहीही असलं तर माझी वाट बघायची नाही, दवाखाना उघडायची नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जायचं. श्वास अडकू शकतो.' बाबा म्हणाले, 'नाही नाही, तसलं काही नाही, नुसती दुखते.' तेव्हा तू म्हणालीस, 'मग सोमवारी सकाळी पाठवा त्यांना माझ्याकडे.' मी पोळ्या लाटत ऐकलं आणि मनात म्हटलं, बिचारे भीमराज.

सोमवारी बाबा जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, दाढ जरा ठणकतेय, गंधालीशी बोललोय, तिनं गोळ्या सांगितल्यात. तुझं नाव घेतल्यावर मी कशाला शंका घेऊ? मफलर गुंडाळून बसले होते, सर्दीचं निमित्त करून. गरम पाण्याची पिशवी मागून घेतली, कंबरेला म्हणाले. मंगळवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि तो आवाज त्यांचा नव्हता. तोंडात घास धरून बोलावं तसा. मी मफलर ओढून काढला. पुढचं तू पाहिलंस. भीमराज रिक्षात त्यांना धरून बसले होते, कारण आडवं होता येत नव्हतं, लाळ गिळता येत नव्हती. गळ्याला भोक पाडून नळी घातली, तरी विष रक्तात गेलेलं. 'एक दिवस आधी आणायला हवं होतं,' हे डॉक्टर तुझ्याकडे बघून म्हणाले, कारण तू सांगितलं होतंस की तूही डॉक्टर आहेस.

आणि मग दहाव्याला भीमराज आले. तू चहा दिलास आणि रीत म्हणून विचारलंस, 'काका, तुमची दाढ कशी आहे आता?' ते म्हणाले, 'माझी कसली दाढ, पोरी? मला तर कितीतरी वर्षं कवळी आहे.' तुझ्या हातातली बशी कशी वाजली ते मी ऐकलं. ते बिचारे आपली कवळी काढून दाखवायला निघाले होते. दुसऱ्या दिवसापासून तुझं शटर खाली.

तू काय म्हणत असशील मनात, ते मी सांगते. मी 'सोमवारी पाठवा' म्हटलं. मी सोमवार म्हटलं नसतं तर. बरोबर? आता माझं ऐक, कारण हे फक्त मला माहीत आहे आणि इतके दिवस मी सांगितलं नाही, तुला आणखी लागेल म्हणून. तुझा फोन झाल्यावर बाबा बाथरूमच्या आरशासमोर उभे होते. दार अर्धं उघडं होतं. तोंडाशी बोटं. मला वाटलं, दाढी नीट झाली का बघतायत. त्यांनी एक बोट घातलं. दुसरं घालायचा प्रयत्न केला. मग हात धुतला, टॉवेलला पुसला आणि बाहेर येऊन मला विचारलं, आज भाजी कसली.

म्हणजे तू सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं. तू सांगितलेली बोटांची परीक्षा त्यांनी स्वतःवर करून बघितली, आणि उत्तर त्यांना कळलं होतं. तू चुकली नाहीस. तुला खोटा पेशंट दिला होता. तू त्या खोट्या पेशंटलाही खरंच सांगितलंस, अगदी हॉस्पिटलात जा इथपर्यंत. याहून जास्त कुठला डॉक्टर फोनवर सांगतो? मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. रोज अबोलीला पाणी घालताना रागावते, मोठ्यानं. समोरच्या गॅलरीतून रश्मी बघते, बघू दे. इतकी वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्यानं तुझं नाव घेऊन मला फसवलं. आणि रागावून झालं की आत येऊन त्यांच्या खुर्चीवर बसते, कारण दुसरीकडे कुठे बसायचं ते कळत नाही.

आता पत्राचं कारण. यंदा आपल्याला सण नाही, पण रश्मीनं तिळाची वडी आणून दिली, नको कसं म्हणायचं. ती खाताना माझी खालची डावी दाढ तुटली. अर्धी माझ्या हातात आली. गार पाणी लागलं की कळ जाते, कडेनं जीभ सोलवटते. ताप नाही. सूज नाही. गिळता येतं. तीन बोटं उभी मावतात, आज सकाळीच बघितली, त्याच आरशात. म्हणजे तुझ्या हिशेबानं हे तातडीचं नाही, पण टाळायचंही नाही. मधे सूज आली तर मी तुझी वाट बघत बसणार नाही, भीमराजना घेऊन सरळ हॉस्पिटल गाठीन, ती काळजी नको. नाही आली तर गुरुवारी सकाळी बोरिवलीला येते. नीलमला सांगितलंय, शटरला तेल घालून ठेव. दुसऱ्या कुणाकडे पाठवायची चिठ्ठी देऊ नकोस, मी जाणार नाही. तुझा हात थरथरला तर थरथरू दे, मी थांबीन. खुर्चीवर बसून मी तोंड उघडीन, पूर्ण उघडीन. लहानपणी तू माझ्याच ताटात जेवलीस, तेव्हा उष्ट्याचा प्रश्न आपल्या दोघींत येत नाही.

तुझीच,
गुरुवारची पहिली पेशंट,
आई