पान एकतीसची चिठ्ठी

५ जानेवारी, रविवार
आजपासून अल्लीपुरात 'एक गाव, एक पुस्तक'. कल्पना माझी. वाचनालयाचा सचिव म्हणून नियमही माझाच: घरात एकच प्रत, आणि ज्याच्या मनाला जे पान लागलं त्याने तिथे चिठ्ठी लिहून ठेवायची, घरातल्या पुढच्या वाचणाऱ्यासाठी. कादंबरी मीच निवडली. १२८ पानंच आहे. रोज सात पानं वाचली तर २६ तारखेच्या समारोपाआधी आरामात संपते. संकल्प पक्का.

८ जानेवारी
सहा पानं झाली. तीही प्रस्तावनेची. दुकानात गिऱ्हाईक वाचू देत नाही. इकडे बायकोने, शोभाने, पुस्तकच पळवलं. हिला वेळच वेळ.

१२ जानेवारी
शोभाने पुस्तक परत दिलं. झालं म्हणे वाचून! नुसतं चाळलं असणार. म्हणाली, "तुमच्यासाठी चिठ्ठी ठेवली हाय, पान एकतीसले." म्हटलं, शाब्बास, नियम कळला तुला. पण मी मधलं पान उघडणाऱ्यातला नाही. क्रमाने येईन.

१६ जानेवारी, सकाळी
शोभाने विचारलं, "चिठ्ठी वाचली काय?" सचिवाने नाही कसं म्हणायचं? म्हटलं, केव्हाच. छान आहे.
ती उभीच राहिली. "छान?"
म्हटलं, अक्षरसुद्धा सुधारलंय. मग आत निघून गेली. कौतुक पचत नाही काहींना.
आज बसून पन्नास पानं वाचणार.

२२ जानेवारी, बुधवार
शोभा म्हणाली, "आज बुधवार हाय." म्हटलं, माहीत आहे, बॅनर आणायला हिंगणघाटला निघालोय. तिने माझा डबा भरला आणि एकटीच एसटीने वर्ध्याजवळ सिंदी मेघेला गेली, आमच्या अंकिताकडे. समारोप चार दिवसांवर आणि हिला लेकीची आठवण! सगळं मीच बघायचं.
पान नऊ.

२६ जानेवारी
समारोप. दोनशे माणसं. अध्यक्ष पुंडलिकराव म्हणाले, "सचिवसाहेब, तुमच्या घरची चिठ्ठी वाचून दाखवा, मंग लोकं शिकतीन." मी माईकवर सांगितलं, आमच्याकडे दोघांचंही दोन-दोनदा वाचून झालंय. मग पान एकतीस उघडलं आणि खणखणीत वाचलं:
"तोंडानं सांगवत नाई म्हणून तुमच्याच नियमानं लिहून राह्यली. छातीत गाठ लागते. बावीसले, बुधवारी, सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवाचं हाय. तुम्ही संगं याजा. मले भेव लागून राह्यलं."
शेवटपर्यंत वाचत गेलो. थांबायचं सुचलंच नाही. कोणी टाळी वाजवली नाही. शिपाई नत्थूने येऊन माईक बंद केला.

२७ जानेवारी
दुकान उघडलं नाही. लाज वाटते, आणि त्याहून जास्त भीती.
सिंदी मेघेला फोन केला. अंकिता म्हणाली, तुकडा तपासायला दिलाय, रिपोर्ट शुक्रवारी. म्हटलं, आईला दे. आई फोनवर येत नाही, म्हणाली. म्हटलं, मग विचार तरी, तब्येत कशी आहे.
फोनमधून शोभाचा आवाज ऐकू आला, "त्याइले सांग, छान हाय."