एवजी

५ जून १९५७, बुधवार

दफ्तरात वीसपैकी नऊ खुर्च्या रिकाम्या! हा फ्लू आमच्या लश्कर भागात घरोघर शिरलाय. बाहेर लूच्या झळा, आत खोकला. आणि भोपाळचे ट्रक काही थांबत नाहीत — जुन्या राज्याचे सगळे कागद महिनाअखेर तिकडे पोचायला हवेत.

तुकोजी एकटेच कागदांचे बस्ते कापडात बांधत होते. फौजेतली गाठ आहे त्यांची, ट्रकने कितीही हिसडे दिले तरी सुटत नाही. गेल्या दोन जुलैला आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो, दोघंही तात्पुरते. सलग वर्ष भरलं की नव्या प्रदेशाच्या कायम यादीत नाव.

"शरयूबाई, बस, सत्ताईस दिन! मग आपण पक्के."

८ जून

तुकोजी आले नाहीत. ताप.

१० जून, सोमवार

आज त्यांच्या जागी थोरले भाऊ सूर्याजी येऊन बसले. बिल्ले काढलेला जुना फौजी कोट, इतक्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं. "धाकट्याची एवजी करतो. गाठ मीच शिकवली त्याला."

हेडक्लार्क भालचंद्ररावांनी मस्टर पुढे सरकवलं. सूर्याजींनी तुकोजींच्या नावापुढे सही केली!

मी उठले. म्हटलं, हे चालणार नाही. आजारी माणसाच्या जागी घरचा कुणी बसणार, हजेरी मात्र आजाऱ्याची — ही राजेशाहीतली रीत झाली. आता रजा हा हक्क आहे. शिवाय तापाच्या घरातून आलेला माणूस इथे बसवायचा?

"बाई," भालचंद्रराव हळूच म्हणाले, "वीस दिवस डोळे मिटा."

नाही मिटले. टिपण लिहिलं, दीड पान, हिंदीत. साहेबांनी वाचून मान डोलावली — "बहुत अच्छा नोट है।" सूर्याजी निघून गेले. जाताना अर्धवट राहिलेला बस्ता मात्र पुरा बांधून गेले.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. वाटलं, खूश होतील. घरातली पहिली बी.ए. मी, निकालाच्या दिवशी अण्णा सगळ्या नया बाज़ारात पेढे वाटत फिरले होते. आज पानाला चुना लावता लावता म्हणाले, "अगं, मी दफ्तरात माझ्या वडिलांच्या एवजीच तर चिकटलो. चोरी होती का ती?"

चोरी नाही. पण चूक तर होती ना?

१४ जून

तुकोजींचं नाव कमी केलं.

तात्पुरत्या नोकराला आजारपणाची रजाच नाही. तीन दिवस गैरहजर, की नाव गेलं. पुन्हा घेतलं तर पहिल्या दिवसापासून मोजणी. नियमांच्या पुस्तकात मागच्या पानावर आहे. ते पान मी वाचलंच नव्हतं. रजा असणारच, असं धरून चालले होते! ज्याला हक्क हक्क म्हणत होते, तो त्यांना नव्हताच.

साहेबांकडे धावले. "आप ही ने तो लिखा था, नियम सबके लिए एक।" हसून म्हणाले, रागावून नाही. भोपाळच्या दौऱ्याची तयारी चालली होती त्यांची.

१६ जून, रविवार

दाल बाज़ारामागे तुकोजींचं घर. ताप उतरलाय. भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या बायकोने, कुसुमताईंनी, पाणी दिलं आणि आत गेल्या. मी क्षमा मागायला गेले होते, पण तोंडातून निघालं, "मी अर्ज लिहून देते."

"लिहा की," सूर्याजी म्हणाले. "तुमचं लिहिणं फार चांगलं. साहेबानं वाहवा केली म्हणे."

तुकोजी म्हणाले, "दादा, राहू द्या. पोर आहे." मग मला, "बस्ते कोण बांधतंय?"

कुणीच धड बांधत नाही. काल एक ट्रकमध्येच सुटला.

२१ जून

डोकं फुटतंय. घसा. आला वाटतं.

२६ जून

आज उठून बसता आलं. सहा दिवस गेले. माझंही नाव कमी झालं असणार. तोच नियम, तेच पान. लिहायला विचित्र वाटतं, पण मन जरा हलकं झालं. तुकोजींना आता तोंड दाखवता येईल.

घर शांत आहे. अण्णा दिवसभर दिसत नाहीत. आई म्हणते, माझ्यासाठी अनुष्ठान करताहेत देवळात. तांदूळ निवडत होती, वर पाहिलंच नाही.

१ जुलै, सोमवार

माझे कागद न्यायला दफ्तरात गेले. मस्टर उघडलं. माझ्या ओळीवर लाल रेघ शोधत होते.

रेघ नाही. एकवीसपासून एकोणतीसपर्यंत, मधला रविवार सोडून, रोज माझी सही. सरळ उभी, बोरूने काढल्यासारखी. अण्णांचं अक्षर.

भालचंद्ररावांनी मान वर केली नाही. "साहेब भोपाळला होते. अण्णांना सांगा, याद्या सुरेख झाल्या."

घरी अण्णा खोकत होते. मी काढा करून दिला.

२ जुलै

साहेब परत आले. कायम करायच्या नावांसाठी मस्टर मागवलं. मीच नेऊन दिलं.

या वेळी टिपण लिहिलं नाही.