नातीचा फ्रॉक आणि माझी सूज

४ मार्च, सकाळ
हिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर मान खाली घालायची नाही. लग्न झाल्यापासून हिने मान खाली घातल्याचं मला आठवत नाही, पण डॉक्टरांशी वाद नको.
म्हणजे शिवणाच्या मशिनला हात लावणं बंद. आणि बावीस तारखेला नातीचा वाढदिवस. पोरगी जन्मल्यापासून दर वाढदिवसाला आजीच्या हातचा फ्रॉक घालते. सूनबाई म्हणाली, आई, या वर्षी दुकानातून आणू, त्यात काय. ही भिंतीकडे तोंड करून बसली. ही बोलली की मला त्रास होतो, पण बोलली नाही की धडकी भरते. तोंडातून निघून गेलं, फ्रॉक मी शिवतो.
ही भिंतीकडे बघतच म्हणाली, तुम्हाला पायजम्याची नाडी ओवता येत नाही.
ठीक आहे. बावीस तारखेला हा सूर्य, हा जयद्रथ.

४ मार्च, दुपार
संकल्प. रोज सराव. चिडायचं नाही. कोणाला काही विचारायचं नाही.
मशिनमध्ये दोरा कुठून घालतात ते सूनबाईला विचारलं. हे विचारण्यात धरत नाही.

७ मार्च
मुलाने इंटरनेटवरून पॅटर्न काढून दिले. कागदावर छापायचे, कागद चिकटवायचे, कापडावर ठेवून कापायचं. माप घ्यायची भानगडच नाही. एवढं सोपं काम ही इतकी वर्षं अवघड करून सांगत होती. एक पॅटर्न फ्रॉकचा, एक माझ्या शर्टाचा. सरावाला आधी शर्ट.
झेरॉक्सवाला फार सज्जन. म्हणाला, काका, कडेच्या रेषा कागदाबाहेर जातायत, जरा लहान करून पानात बसवून देऊ? म्हटलं, बाबा रे, देवासारखा भेटलास. एक रेष वाया गेली नाही.
मजकूर इंग्रजी आणि बारीक. माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं, तेही मागच्या बाकावरून. चित्रं कळतात, बस्स झालं.

११ मार्च, दुपार
शर्ट झाला! निळा. कॉलर एका बाजूने जरा उत्साही आहे.
दोन्ही पॅटर्नच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात एक सुटा चौकोन छापलाय. आत इंग्रजीत दोन ओळी. खिसा, दुसरं काय असणार. कापून छातीवर लावला. चष्मा जात नाही, पेन जात नाही. एक बटण जातं. परदेशी लोक खिशात फार काही ठेवत नसावेत.
सूनबाई म्हणाली, बाबा, खिसा किती गोड आहे हो. आणि घाईघाईने आत गेली. आतून हसण्याचा आवाज. फोनवर असेल.

११ मार्च, संध्याकाळ
शर्टाची बटणं लागत नाहीत. पोटापाशी तर दोन्ही बाजूंची तोंडं दोन दिशांना. मुलाने माझी छाती मोजूनच साइज निवडली होती. म्हणजे चार दिवसांत मी वाढलो. ही सूज आहे. शेजारच्या मास्तरांना अशीच सूज आली होती. आज ते नाहीत. (मुलाकडे राहायला गेलेत. पण नाहीत ते नाहीतच.)

१२ मार्च
डॉक्टरकडे गेलो. वजन उलट कमी भरलं. म्हणजे वजन घटूनही सूज. हे जास्त वाईट. डॉक्टर म्हणाले, आजोबा, शर्ट सैल घाला. अशांना डिग्र्या देतात तरी कोण?
चहातली साखर बंद.
संध्याकाळी साखर सुरू. एकदम तोडलेलं शरीराला झेपत नाही.

१७ मार्च
फ्रॉक तयार. पिवळं कापड हिने कधीच आणून ठेवलं होतं, सगळं संपवलं. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. नात डावरीच आहे, चालेल. पोटावर तो चौकोनी खिसा आठवणीने लावला.
नातीला घालून बघितला. डोकं आत गेलं आणि तिथंच राहिलं. आतून म्हणाली, आजोबा, इथे अंधार आहे. सूनबाईने ओढून काढलं. पोरीचे कान लाल.
म्हणजे नातीलाही सूज! घरात साथच आहे. सूनबाईला स्पष्ट सांगितलं, पोरीला जरा कमी भरवत जा. ती म्हणाली, बाबा, तिच्या फासळ्या मोजून दाखवू का? मुलाने पेपर तोंडासमोर धरला. उलटा होता.

१८ मार्च
ही म्हणाली, आणा इकडे तो फ्रॉक. काळा चष्मा, मान ताठ, नुसत्या बोटांनी चाचपला. खिशापाशी बोटं थांबली. हे काय? म्हटलं, खिसा. म्हणाली, कोणासाठी, मुंगीसाठी?
सूनबाईकडून कागद वाचून घेतला. चौकोनात लिहिलं होतं, हा चौकोन दोन इंच आहे का ते आधी मोजा, नसेल तर छपाई चुकलीय, कापड कापू नका. मोजला. पावणेदोन.
म्हणजे मला सूज नाही! उगाच सगळ्यांनी घाबरवलं. झेरॉक्सवाला लबाड निघाला. बघताक्षणी मला वाटलंच होतं.
तसलं पिवळं कापड आता दुकानात नाही. सूनबाई म्हणाली, मग मी जाऊन एखादा विकत आणते. ही पुन्हा भिंतीकडे वळली.

२१ मार्च
मार्ग सापडला. माझा शर्ट फाडला आणि त्याच्या पट्ट्या फ्रॉकच्या दोन्ही कुशींत घातल्या. याला कस्टमाइझ करणं म्हणतात, मुलाने सांगितलं. एक पट्टी रुंद झाली म्हणून दुसऱ्या बाजूला आणखी एक. मग पहिली अरुंद वाटायला लागली. थांबलो तेव्हा शर्टाची कॉलर तेवढी उरली. फ्रॉकचा गळा कापून मोठा केला आणि तीही तिथे लावून टाकली.
नातीला आला! श्वास घेता येतो. हात वर होत नाहीत. वाढदिवसाला हात वर कशाला करायचेत?
ही फ्रॉकवरून बराच वेळ हात फिरवत बसली. भिंतीकडे वळली नाही.

२२ मार्च, पाहुणे गेल्यावर
नात हट्टाने तोच फ्रॉक घालून मिरवली. कोपरं अंगाला चिकटवून, पेंग्विनसारखी. शेजारीण बघतच राहिली. मग हिला म्हणाली, अगं बाई, यंदाचाही तुमच्याच हातचा का? मी घसा साफ करून पुढे सरकलो.
ही ताठ मानेने म्हणाली, छे हो, दुकानातला आहे. सूनबाईने आणला.
सूनबाई हळूच म्हणाली, आई, निदान माझं नाव तरी घ्यायचं नव्हतं.
मी शांतपणे विचार केला. दुकानातल्या शिवणीला जन्मभर नावं ठेवणारी ही बाई. पण आज चार बायकांत माझं काम दुकानातलं म्हणून खपून गेलं. म्हणजे सफाई तेवढी होती. तोंडावर कौतुक करणं हिच्या स्वभावातच नाही.
मगाशी हिने मशिनला कुलूप घातलं आणि किल्ली सूनबाईच्या हातात दिली. या घरात हे पहिल्यांदाच घडलं. मी दमलोय हे काळ्या चष्म्यातूनसुद्धा हिला दिसलं असणार.