उजव्या सोंडेचा गणपती आणि लवू मेस्त्रींची सात पुस्तकं

पुस्तक परत करायला नऊ महिने लागत नाहीत, मार्तंडराव. नऊ महिन्यांत पोर होतं, बारसं तेवढं राहतं. तुम्ही ते वाचत असता तर मी गप्प बसले असते. पण तुम्ही वाचत नाही. कपाटात, लोकरी कोटाच्या खाली, कुलपात ठेवलंय तुम्ही. मला तुमच्याच घरातून कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नका, तुम्ही सोडून तुमच्या घरातले सगळे माझ्याशी बोलतात.

विद्याधर वकील समोर बसलेत. म्हणतात, "सुगंधाबाई, मृत्युपत्र असं सुरू होत नाही." मी म्हटलं, माझं होतं. म्हणाले, "मग पुढे तरी रीतीने लिहा." तर रीतीने लिहिते.

मी, सुगंधा भ्रतार लवू मेस्त्री, वय वर्षे अठ्ठेचाळीस, धंदा लाकडावरचं कोरीवकाम, शिक्षण मराठी तिसरी, राहणार मालाड, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. माझे दीर धोंडू मेस्त्री गेली सहा वर्षं उलट सांगत फिरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. बाईने पटाशी हातात धरली म्हणजे तिचं डोकं फिरलं, असं त्यांचं मत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारा माणूस अजून मालाड स्टेशनावर उतरायचा आहे. बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण कायद्याला "आमचे हे" चालत नाही, म्हणून घेतलं.

आत्ताच लिहायचं कारण, पुढच्या सोमवारी, तारीख अठराला, डॉक्टर माझं पोट फाडून पित्ताशयातले खडे काढणार आहेत. उभा जन्म लाकडात गेला, दगडाला कधी हात लावला नाही, आणि दगड निघाले पोटात. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही. मी म्हटलं, घाबरत नाही, पण तुमची हत्यारं कोण धार लावून ठेवतं ते सांगा. ते हसले. म्हणून हा कागद.

कलम पहिलं. घर. दोन खोल्या, पुढची ओटी आणि मागची पत्र्याची कामाची शेड. दोन खोल्या आणि ओटी धोंडूभावजींना. वाचून खुर्चीतून पडू नका भावजी, तुम्हाला घर हवं होतं, घ्या. मला मूलबाळ नाही, आणि तुमच्या भावाने बांधलेलं घर परक्याला द्यायची मला हौस नाही. पण मागची शेड तुमची नाही. तिथे म्हैस बांधायची नाही, भाडेकरू ठेवायचा नाही, पापड वाळत घालायचे नाहीत. शेड कोणाची ते पुढे येईल.

कलम दुसरं. पुस्तकं. यजमान वांद्र्याला एका साहेबाच्या बंगल्यात जिन्याचे कठडे कोरायला होते. साहेब सत्तेचाळीस साली बोटीत बसून गेला आणि जाताना यांना एक ट्रंक देऊन गेला. ट्रंक दोन माणसांनी उचलून आणली तेव्हा मला वाटलं भांडी असतील, निदान पडदे तरी. उघडली तर पुस्तकं. मी म्हटलं, "ही शिजवायची कशी?" हे खाली बसले, पान उलटलं आणि म्हणाले, "अगो, ह्यो हत्ती बघ केवढो!" त्या रात्री जेवले नाहीत.

पुस्तकं इंग्रजी. यांना इंग्रजी येत नव्हतं, मला मराठीच बेताचं. म्हणून आम्ही चित्रांवरून नावं ठेवली. हत्तीचं पुस्तक, देवळांच्या खांबांचं, दाढीवाल्या सुताराचं (त्यात पटाशी कशी धरायची ते पायरी पायरीने दाखवलंय), खुर्च्यांचं, मुखवट्यांचं, मातीकामाचं, आणि सातवं उघड्या बायांचं. सातव्याला यांनी जुन्या पंचांगाचं पुठ्ठ्याचं कव्हर घातलं होतं. एकदा धोंडूभावजी मुहूर्त बघायला ते उघडून बसले. दहा मिनिटं झाली तरी मुहूर्त सापडेना.

यातलं मातीकामाचं पुस्तक, यजमानांचं तेरावं झालं त्याच आठवड्यात, भावजींनी रद्दीवाल्याला घातलं. मला पत्ता नव्हता. महिन्याने स्टेशनाबाहेर चणे घेतले तर पुडीवर एक मातीचा घोडा, पुढचे दोन पाय वर केलेला. चणे तिथेच सांडले. चणेवाल्याकडून उरलेली अकरा पानं मागून आणली, इस्त्री केली. काही पानांना अजून खाऱ्या चण्यांचा वास येतो. तेव्हा सात पुस्तकं म्हणजे पाच घरात, अकरा पानं डब्यात, आणि एक मार्तंडरावांच्या कोटाखाली. कोणी मोजून भांडू नये.

कलम तिसरं. मी या धंद्यात कशी आले ते. वकील म्हणतात गरज नाही. गरज आहे. यजमान एकावन्न साली गेले तेव्हा एक देव्हारा अर्धा होता, तीन बाजू झालेल्या, चौथी कोरी. गिऱ्हाईक म्हणालं, तीन बाजूंचा देव्हारा काय करू? मी वीस वर्षं यांच्या कामाला पॉलिशपेपर मारलेला. दाढीवाल्या सुताराचं पुस्तक उघडून समोर ठेवलं आणि चौथी बाजू केली. गिऱ्हाइकाला कळलं नाही कुठली कोणी केली. मला कळतं. माझी जरा बरी आहे.

कलम चौथं. आता क्षमा. मार्तंडराव आठल्ये यांची मुलगी, वय वर्षे वीस, मॅट्रिक. ती दुपारी यायची आणि मला पुस्तकांतलं इंग्रजी वाचून मराठीत सांगायची. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "काकू, इथे लिहिलंय की हत्याराची धार जाईपर्यंत थांबू नये, आधीच लावावी." मी म्हटलं, हे सांगायला इंग्रजी कशाला लागतं, आमचे हे रोज ओरडायचे. पण मग ती असं काय काय सांगत गेली जे हे ओरडले नव्हते. लाकडाच्या रेषेच्या उलट गेलं की का फाटतं ते. लांबून बघायच्या चित्राचं नाक मोठं का काढायचं ते. एक दिवस तिच्या हातात गोल पटाशी दिली. तिने पान कोरलं, पिंपळाचं. देठ जाड झाला. दुसऱ्या दिवशी मला न सांगता दुसरं पान कोरून आणलं, आईच्या पोळपाटाच्या मागे. तो पोळपाट तुमच्या घरचा होता, पद्मजाबाई. म्हणून तुम्हाला या कागदाने एक नवा सागवानी पोळपाट देत आहे. दोन्ही बाजूंना काही कोरलेलं नाही, तपासून घ्या.

कलम पाचवं. गणपती. इथे मला खरं लिहायचं आहे, कारण मेल्यावर सुधारता येत नाही.

मार्तंडरावांनी देव्हारा सांगितला. माथ्यावर गणेशपट्टी. मी हत्तीच्या पुस्तकातला गणपती निवडला, डाव्या सोंडेचा, गृहस्थाच्या घरी असतो तसा. पातळ कागदावर पेन्सिलीने उतरवला, कागद लाकडावर पालथा घातला आणि घासला. पालथा घातला की चित्र उलटं पडतं. यजमान आधीच उलटं काढून घ्यायचे. त्या पानावर त्यांनी समासात लिहूनही ठेवलं होतं, "आरशात बघून घेणे." मी ते वाचलं होतं. मला वाटलं, दाढीचा आरसा आणायची आठवण लिहून ठेवली आहे.

सोंड अर्धी झाली तेव्हा क्षमा म्हणाली, "काकू, सोंड उजवीकडे चालली."

मी म्हटलं, "डोळे तपास. हा माझा डावा हात, त्याच बाजूला आहे."

"तुमच्या डाव्या हाताला. म्हणजे देवाच्या उजव्या."

"अगं, देव माझ्याकडे बघतोय की मी देवाकडे?"

"दोघं एकमेकांकडे, काकू. म्हणून तर."

मी तिला घालवून दिलं. पाच वर्षं कोरते आणि कालची पोर मला डावं-उजवं शिकवते! अक्षय्य तृतीयेला देव्हारा पोचवला. मार्तंडरावांच्या आईंनी, वनमालाबाईंनी, चष्मा लावला आणि हातातलं निरांजनच खाली ठेवलं. "अगं बाई! उजव्या सोंडेचा!"

त्या दिवसापासून आठल्यांच्या घरात कडक सोवळं आहे. कांदा बंद, लसूण बंद, अंघोळीआधी चहा बंद. मार्तंडराव ऑफिसातून येताना बाहेर ऑम्लेट खाऊन आले, तेही आईंनी कपड्यांच्या वासावरून पकडलं. तिसऱ्या दिवशी ते माझ्या शेडमध्ये.

"सुगंधाबाई, सोंड वळवून द्या."

"साहेब, लाकूड आहे, कणीक नाही."

"चित्रात डावी होती ना? दाखवा बघू चित्र." मी दाखवलं. त्यांनी पुस्तक काखेत मारलं. "हा पुरावा. सोंड वळेल तेव्हा पुस्तक मिळेल. आणि क्षमा इथे येणार नाही. हाताला घट्टे पडलेत तिच्या. उद्या स्थळ कसं मिळायचं?"

घट्टे बघून नको म्हणणारा नवरा मिळण्यापेक्षा घट्टे बरे. हे मी तेव्हा बोलले नाही, कारण चूक माझी होती आणि तोंड वर करायला जागा नव्हती. तेव्हा नाही बोलले ते आता बोलते. चूक माझी होती, मार्तंडराव. कागद मी पालथा घातला, यजमानांचं अक्षर मी चुकीचं वाचलं, आणि जी बरोबर सांगत होती तिला मी हाकललं. तिच्या नावाला बट्टा नको.

कलम सहावं. म्हणून, माझी सगळी पुस्तकं, अकरा पानं, सगळी हत्यारं, यजमानांच्या हाताने झिजलेला लाकडी हातोडा, आणि मागची शेड मी क्षमा मार्तंड आठल्ये हिला देत आहे. या मालाडात डावं-उजवं तिलाच कळतं. तिने तिथे स्वतः बसून काम करावं. सासरी गेली तरी. सासर चर्चगेटच्या पलीकडे नसावं.

कोटाखालचं पुस्तकही तिचंच. त्याच्या पानापानांवर यांची पेन्सिल आहे. मापं, लाकडांची नावं. एका ठिकाणी देवीच्या हाताशी लिहिलंय, "बोटं नीट वाटत नाहीत. सुगंधाला विचारणे." मला त्यांनी विचारलं होतं. मी सांगितलं होतं, करंगळी लांब झाली. यापेक्षा जास्त कौतुक त्यांनी कधी केलं नाही आणि मला लागलंही नाही. पण ते पान मला सोमवारच्या आधी एकदा बघायचं आहे.

कलम सातवं. वनमालाबाईंना चंदनाचा मोठा तुकडा, गंध उगाळायला. आजी, मला माहीत आहे, तुम्हाला तो गणपती सोडवणार नाही. तो आल्यापासून सगळं घर तुमच्या शब्दात आहे. पण मुलगा वाळला तुमचा. देव्हाऱ्याची ती पट्टी मी खिळ्यांनी ठोकलेली नाही, दोन लाकडी खुंट्यांवर आहे. खुंट्या काढल्या की पट्टी सुटते. नवी पट्टी तयार होते आहे, डाव्या सोंडेची. चित्र मी आरशात बघून घेतलं. कान आणि मुकुट मी केलेत. सोंड तेवढी बाकी ठेवली आहे. ती क्षमा करेल, दुसरं कोणी नाही. जुनी पट्टी शेडच्या दारावर लावावी. तिथे सोवळं चालेल, हत्याराला खरकटा हात आम्ही लावूच देत नाही.

आता सह्या. वकील म्हणतात दोन साक्षीदार लागतात, आणि त्यांनी माझ्यासमोर सही करायची असते. म्हणजे निरोप, चिठ्ठी, कोणाच्या हाती पाकीट, काही चालायचं नाही. घेणाऱ्या मुलीचा बाप साक्षीदार चालतो का, तेही विचारलं. चालतो. दोन सह्या झाल्या नाहीत तर हा कागद रद्दी, आणि कायद्याने सगळं नवऱ्याच्या भावाकडे. मार्तंडराव, मग तुमच्या कपाटातलं पुस्तकही धोंडूभावजींचं होईल. मी नऊ महिन्यांत चारदा मागायला आले. ते रोज येतील. जेवायच्या वेळेला येतील.

वकील म्हणतात, दुसरा साक्षीदार गल्लीतून कोणीही आणू. मला कोणीही नको. बापाची सही नसेल तर पोरीला पटाशी देऊन उपयोग काय, ती लपवून ठेवायला कपाट लागेल.

ठिकाण मालाड. रविवार, तारीख १० फेब्रुवारी १९५७.

लिहून ठेवणार: सुगंधा भ्रतार लवू मेस्त्री (सही. अक्षर वाकडं आहे, माणूस नाही.)

साक्षीदार पहिला: विद्याधर वकील, राहणार वांद्रे (सही)

साक्षीदार दुसरा: मार्तंड आठल्ये, राहणार मालाड. ही जागा मोकळी ठेवली आहे, नक्कल वकील तुमच्या घरी पोचवतील. शनिवार, तारीख सोळा, संध्याकाळी सहापर्यंत येऊन हो की नाही सांगा. हो असेल तर पुस्तक आणि क्षमा, दोघांना बरोबर आणा. नाही असेल तर तेही माझ्या तोंडावर सांगायला या. दोन्हीला चहा ठेवते, आणि अंघोळ झाली का ते इथे कोणी विचारत नाही. सहा म्हणजे सहा.