हार्मोनियम कोरडी राहिली

गुरुवार, संध्याकाळ. नवागाम.

डोकं अजून तापलेलंच आहे. खाडीचं पाणी चढतंय म्हटल्यावर आमच्या लुथरन चर्चमधल्या सगळ्यांनी आधी हार्मोनियम माळ्यावर नेली. पुरासाठी वर्षभर जमवलेला दोर, बॅटऱ्या आणि औषधांचा खोका मात्र खालीच बुडाला. समोरच्या सुशीलामावशी कमरेएवढ्या पाण्यातून ओरडत होत्या, "दोर टाका रे!" शेवटी लूमवर विणलेल्या कापडाला पीळ देऊन त्यांना बाहेर ओढलं.

आज पाळक म्हणाले, "देवाची कृपा, हार्मोनियम वाचली."

कृपा कसली? मावशी तापाने फणफणल्यात, गोळ्या चिखलात! तिथेच सुनावणार होते, पण हार्मोनियमची एक बाजू मीच धरली होती, आणि तो खोका ओलांडूनच जिना चढले होते.