पलीकडच्या वर्गातले तीन

सिस्टर, तुम्हाला जाऊन वीसएक वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर संशय घेते आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. इथे सिंगापूरला रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत मी संशय घेण्याचंच काम करते. कुणी एखाद्या गोष्टीला हो का म्हटलं, त्यामागे खरा हेतू काय, हे दिवसभर हुडकत बसायचं. नवरा म्हणतो, तू आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टवरसुद्धा विश्वास ठेवत नाहीस. नाही ठेवत. पण माझ्याकडचं सगळ्यात जुनं प्रकरण तुमचं, आणि गेल्या महिन्यात माझ्या लेकीने ते पुन्हा उकरून काढलं.

तुम्हाला आठवतं ना, पुण्याच्या शाळेत आठवड्यातून दोनदा वर्गाची वाटणी व्हायची. ख्रिस्ती मुली धर्मशिक्षणाला पलीकडच्या वर्गात जायच्या आणि उरलेल्या आम्ही सगळ्या तुमच्यासमोर मॉरल सायन्सला बसायचो. तुम्ही फळ्यावर चार शब्द लिहायचात: विवेक, न्याय, धैर्य, संयम. म्हणायचात, सात-आठशे वर्षांपूर्वी युरोपातल्या मठांमध्ये मोठमोठे पंडित यावर आयुष्यभर डोकेफोड करत बसले. हे चार गुण त्यांनी ख्रिस्ताच्याही आधीच्या ग्रीकांकडून घेतले, म्हणून ते कुणालाही कमावता येतात. दार जसं बिजागऱ्यांवर फिरतं, तसं माणसाचं वागणं या चारांवर फिरतं. त्यातला एकच सुटा उचलून चालत नाही. न्याय नसेल तर विवेकाची चलाखी होते, आणि विवेक नसेल तर धैर्याचा आडदांडपणा. मी हात वर केला. ‘एकूण गुण किती, सिस्टर?’ ‘सात.’ ‘मग बाकीचे तीन?’ श्रद्धा, आशा आणि प्रेम, तुम्ही म्हणालात. ते कमावता येत नाहीत, ते दिले जातात, आणि ते पलीकडे शिकवतात. झालं! घाम गाळून मिळवायचे ते चार आमच्या वाट्याला, आणि आयते मिळणारे तीन त्यांना. भिंतीपलीकडून त्या मुलींचं गाणं ऐकू यायचं आणि माझी खात्री पटायची की चांगला माल तिकडे ठेवलेला आहे.

आठवीतली एक दुपार. मी कॉन्व्हेंटच्या मागच्या स्वयंपाकघरात येते. तुम्ही पेरूचं चीज, म्हणजे पेरूच्या गोड वड्यांचं मिश्रण, घोटताय, बाह्या वर सारलेल्या, चष्म्यावर वाफ. मी एका दमात विचारते, ‘सिस्टर, मी पलीकडच्या वर्गात बसू?’ तुम्ही आधी गॅस बारीक करता. मग विचारता, ‘आईला विचारलंस?’ मी नाही म्हणून मान हलवते. ‘मग हे धैर्य नव्हे, बाळ. ही चलाखी. घरी जा, आईला विचार, मग ये.’ आणि जाताना माझ्या तळहातावर एक गरम वडी ठेवता. फाटकापर्यंत पोचेतो मी ती खाऊन टाकली. ती गोड लागली याचासुद्धा मला राग आला.

त्या दिवसापासून मी तुमच्याकडे तिरक्या नजरेनेच पाहिलं. तो तुमचा विवेक होता की भीती? माझ्या आत्याचं मत होतं की या बायका गोडीगुलाबीने पोरींना बाटवतात. एखाद्या पालकाने तक्रार केली असती तर शाळेला निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले असते, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. म्हणजे स्वतःची कातडी वाचवायची आणि वर त्याला विवेक म्हणायचं. कधीकधी तर मला त्याहून वाईट शंका यायची, की तुम्ही मला बाटवण्याच्यासुद्धा लायकीची समजला नाहीत.

तर लेक. ती इथेच जन्मली, इथेच शिकली. एका रविवारी बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये थालीपिठाचा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली, ‘आई, या ईस्टरला मी बाप्तिस्मा घेणार आहे. वर्षभर क्लासला जातेय.’ नवऱ्याचा घास हातात राहिला. मी मात्र कामाला लागले. कोण आहे तो मुलगा? कुणी भरीला घातलं? ‘नोबडी पुश्ड मी, ला,’ ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. ‘ मीच गेले. फादर म्हणाले, टेल युअर मदर फर्स्ट. सो आय अ‍ॅम टेलिंग यू.’ हे ऐकून माझा संशय दुप्पट झाला. आधी आईला विचारायला लावायचं, ही तुमच्या लोकांची ठरलेली रीतच आहे की काय?

पुढच्या शनिवारी मी चर्चसमोरच्या कॉफी शॉपमध्ये दबा धरून बसले. चहावाला या मगातला चहा त्या मगात ओतत होता. संयमाचं चित्र तुम्ही असंच दाखवलं होतं, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतणारी बाई. मला हसू आलं आणि हसल्याचा राग आला. लेक बाहेर आली ती दोन चिनी म्हाताऱ्यांबरोबर. कुणी मुलगा नाही, काही नाही. तिघी मिळून घडीच्या खुर्च्या उचलून ठेवत होत्या आणि कशावरून तरी खदखदून हसत होत्या. सिस्टर, मला तिचा हेवा वाटला. 

तिने मला पाहिलं. रस्ता ओलांडून आली आणि समोर बसली. ‘माझ्यावर पाळत ठेवतेस?’ ‘हो,’ मी म्हणाले. ती रागावली नाही. ‘तूच तर लहानपणापासून विचारायचीस ना, हे धैर्य आहे की चलाखी? म्हणून सांगितलं. लपवता आलं असतं, आई.’ मग माझा चहा स्वतःकडे ओढून म्हणाली, ‘येशील ना?’ मी म्हटलं, ‘बघू.’

आता ईस्टर चार दिवसांवर आलाय. तिचा पांढरा ड्रेस मीच इस्त्री केला, पण अजून ‘येते’ म्हटलेलं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहून टाकते. सिस्टरने मला नाही म्हटलं, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, नवऱ्यालासुद्धा. तुम्ही नाही म्हटलंच नव्हतं. ‘आईला विचार, मग ये,’ म्हणाला होतात. माझ्या आईला तुम्ही ओळखत होतात. गणपतीपुढे, दर्ग्यापुढे, तुमच्या चॅपलमधल्या मेरीपुढे ती सारखेच हात जोडायची. मी तिला विचारलं नाही. ती रागावेल म्हणून नव्हे. पोळी लाटता लाटता ती ‘जा की, बस’ म्हणाली असती, आणि मग मला खरंच त्या पलीकडच्या वर्गाच्या दारातून आत जावं लागलं असतं.