नॉर्मल रिपोर्टमुळे बंद झालेली गोळी

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
बस आगार.

विषय : थायरॉइडची गोळी पुन्हा सुरू करणे व मला दिलेला मेमो मागे घेणे.
संदर्भ : निष्काळजीपणाबद्दल आपला मेमो, दि. ४.

महोदय,

मी अकरा वर्षे चालकांचा ड्यूटी तक्ता लावते. मेमोचे उत्तर आपण तीन दिवसांत मागितले होते. आज नववा दिवस आहे. त्यातले सहा दिवस मी एकच परिच्छेद लिहीत होते.

१. माझी थायरॉइड ग्रंथी सुस्त आहे, मी नव्हे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेतली की माझे सगळे सुरळीत चालते. सहा वर्षे ती आगाराच्या दवाखान्यातून मिळत होती. यंदा रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि आपण शेरा मारलात : "बरी झाली. औषध बंद, फाइल बंद." रिपोर्ट गोळीमुळेच नॉर्मल आला, हे मी आपल्या टेबलासमोर उभी राहून सांगितले. आपण मानही वर केली नाहीत. नीट वाचता येते म्हणून आपला चष्मा मात्र अजून कोणी काढून घेतलेला नाही.

२. बाहेरून गोळी घ्यावी, तर फाइल नसताना औषध घेणे म्हणजे आजार लपवणे, असे आपलेच परिपत्रक आहे. म्हणजे आपण दोन्ही दारे लावून घेतलीत.

३. चार महिने झाले. भर दुपारी मी स्वेटर घालून बसते. जिन्यात पूर्वी मी सासूबाईंसाठी थांबायची, आता त्या वर उभ्या राहून माझी वाट बघतात. दि. २ रोजी मी लंबू ड्रायव्हरला एकाच वेळी दोन बसवर लावले. तो तक्ता घेऊन आला नि म्हणाला, "ताई, एक मी नेतो, दुसरी तुम्ही काढा." मी बरं म्हटले आणि चावी मागितली. त्याचे हसू गेले. त्याने मला खुर्चीत बसवून पाणी दिले. आपण मेमो दिलात.

४. मी पुन्हा रक्त तपासून घेतले. ग्रंथी सुस्तावली की चढणारा टीएसएचचा आकडा मर्यादेच्या दहापट आहे. दवाखाना म्हणतो, बऱ्या झालेल्या कर्मचाऱ्याचा हा नवा आजार धरावा लागेल आणि नवी फाइल उघडायला आधी तंदुरुस्तीचा दाखला हवा. माझेच डोके चालत नसेल म्हणून तो नियम तिघांकडून वाचून घेतला. तो तसाच आहे.

सबब, आपल्या हातचा शेरा आपणच खोडावा. मला रजा नको, हलके काम नको, आपली कीव तर मुळीच नको. गोळी द्या, तक्ता मी लावते. ती सुरू झाली की काही महिन्यांत माझा रिपोर्ट पुन्हा नॉर्मल येईल. त्या दिवशी कृपा करून मला पुन्हा बरी करू नये.

आपल्या शेऱ्याने बरी झालेली,
ड्यूटी लिपिक
दि. १३

सोबत : दोन्ही रिपोर्ट, दि. २ चा तक्ता, लंबूने स्वतःच्या नावाभोवती काढलेल्या दोन गोलांसह.